आइस हॉकीची नवी स्टिक घ्यायचीय, फ्लेक्स किती आणि ब्लेडचा कर्व्ह कोणता?

नवखा_स्केटर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, आइस हॉकीबद्दल विचारतोय, मैदानावरच्या हॉकीबद्दल नाही. मोठेपणी शिकायला घेतलंय, स्केटिंग आता बऱ्यापैकी जमतं, बिगिनर लीगमध्ये लेफ्ट विंगला खेळतो, लेफ्ट शॉट आहे म्हणजे डावा हात खाली असतो. उंची १७० सेंमी, वजन ६६ किलो. आतापर्यंत टीममधल्या एकाची जुनी स्टिक वापरतोय, सिनियर साइज, तिच्यावर ८५ फ्लेक्स (दांडा किती कडक त्याचा आकडा) आणि पी८८ (ब्लेडच्या कर्व्हचं, म्हणजे वळणाचं नाव) असं छापलंय, त्याने ती वरून तीन इंच कापलेली आहे.

अडचण अशी की माझा रिस्ट शॉट बर्फ सोडतच नाही. पक (रबराची चकती) जातो सरळ पण गोलीच्या म्हणजे गोलकीपरच्या पॅडवर जाऊन आदळतो, वरच्या कोपऱ्यात टाकायचा म्हटलं की एकतर पक ब्लेडवरून घसरतो नाहीतर त्यात जीवच राहत नाही. कोच म्हणतात तुझी स्टिक वाकतच नाहीये, नुसत्या हातांनी ढकलतोयस. टीममधले म्हणतात पी२८ घे, पक आपोआप उडेल. दुसरा म्हणतो पी९२ शिवाय दुसरं काही बघूच नकोस. आणि लाय म्हणून काहीतरी आकडा असतो तो तर अजिबातच कळलेला नाही.

आता स्वतःची पहिली स्टिक घेतोय तर नीट समजून घ्यावी असं वाटतंय. ८५ च्या जागी ७५ घेतली तर पुरे का अजून खाली जाऊ? इंटरमीजिएट साइज मोठ्या माणसाने वापरली तर चालते का? आणि कर्व्ह बदलल्याने शॉट खरंच उचलला जातो का ते सगळं मनगटावरच असतं? जाणकारांनी जरा वेळ काढून सांगा प्लीज.

---

टेपवाला

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, त्या "तीन इंच कापलेली" मध्ये.

फ्लेक्सचा आकडा म्हणजे शाफ्ट (दांडा) मधोमध एक इंच वाकवायला साधारण किती पौंड जोर लागतो तो. ८५ म्हणजे ८५ पौंड. पण तो आकडा स्टिक पूर्ण लांबीची असताना मोजलेला असतो. कापली की तीच स्टिक कडक होते, आणि थोडीथोडकी नाही, कारण दांडा जितका आखूड तितका तो वाकवायला जड आणि हा परिणाम लांबीच्या घनाच्या हिशोबाने वाढतो. सिनियर स्टिक ६० इंचाची धरली तर दोन इंच कापल्यावर ८५ ची ९४ होते, तीन इंच कापल्यावर ९९. म्हणजे तुम्ही ६६ किलोचा माणूस जवळजवळ १०० फ्लेक्सची स्टिक घेऊन खेळताय. कोच बरोबर बोलतायत, ती तुमच्याच्याने वाकणारच नाही. बऱ्याच स्टिकवर वरच्या टोकाला बारीक रेघा मारून इथे कापलीत तर इतका फ्लेक्स असं छापलेलं असतं, पण कापलेला तुकडा फेकला की त्या रेघाही जातात आणि पुढच्याला फक्त मूळ आकडाच दिसतो. जुनी स्टिक घेताना ही गोष्ट कुणी बघतच नाही.

आता किती घ्यावा. जुना नियम असा की वजन पौंडात करा आणि निम्मं करा. आपल्याला किलोची सवय, तर सरळ असं लक्षात ठेवा की किलोत जेवढं वजन साधारण तेवढाच फ्लेक्स, कारण एका किलोत २.२ पौंड, निम्मे केले की १.१. तुमचं ६६ किलो म्हणजे ७३ च्या आसपास येतं. ही वरची हद्द समजा. नवीन खेळाडूला अजून अंगाचा भार स्टिकवर टाकायची सवय नसते, हाताच्या ताकदीवरच शॉट मारला जातो, म्हणून मी पाच-दहा कमीच सुचवतो, ६० ते ६८ मध्ये कुठेतरी. आणि हा आकडा *कापल्यानंतरचा* हवा, दुकानातल्या स्टिकरवरचा नाही.

इंटरमीजिएट जरूर घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. शाफ्ट थोडा बारीक असतो, लहान पंजा असेल तर उलट पकड चांगली बसते. लांबी साधारण ५७ इंच, म्हणजे कमी कापावी लागते आणि आकडा हातात राहतो. ७५ ची सिनियर घेऊन तीन इंच कापलीत तर ८७ होईल, म्हणजे पैसे घालून जवळपास तिथल्या तिथेच.

कर्व्हबद्दल इतरांना बोलू द्या, पण त्याआधी मला दोन गोष्टी सांगा. एक, स्केट घालून उभे राहून स्टिक टोवर (ब्लेडच्या पुढच्या टोकावर) सरळ उभी केली तर तुमच्या कुठपर्यंत येते? दोन, ब्लेडच्या खालच्या कडेची टेप कुठे झिजलीय, हीलकडे (जिथे ब्लेड दांड्याला जोडलेलं असतं), मध्ये का टोकडे? नवीन टेप लावून एक पूर्ण सेशन खेळा आणि मग बघा.

---

ब्लूलाइन

टेपवाला यांच्या हिशोबाशी सहमत, पण खाली खाली जायची जी फॅशन आलीय तिच्याबद्दल थोडं सावध करतो. मी डिफेन्सला खेळतो, माझा अनुभव असा की फार मऊ स्टिकने पास बिघडतो. कडक पास मारायला गेलं की शाफ्ट आधी वाकतो आणि मग सुटतो, त्या मधल्या वेळात पक थोडा इकडेतिकडे होतो. फेसऑफला (खेळ सुरू करताना दोघांमध्ये पक टाकतात तेव्हा) समोरचा स्टिक दाबतो तेव्हा तुमची वाकते, त्याची नाही. स्लॅप शॉटला (स्टिक मागे उचलून मारलेल्या जोरदार फटक्याला) तर फारच जाणवतं, ब्लेड पकच्या थोडं मागे बर्फावर आपटायचं, तिथे शाफ्ट वाकून जोर साठतो आणि सुटताना तो पकला मिळतो ही सगळी गंमत आहे, पण शाफ्ट गरजेपेक्षा जास्त वाकला तर ब्लेड मागे राहतं आणि पक कुठेही जातो.

मोठ्या खेळाडूंकडे बघून आकडा ठरवू नये याचं उदाहरण देतो. झ्देनो चारा सहा फूट नऊ इंच, त्याची स्टिक १५० फ्लेक्सच्याही वरची, आणि २०१२ च्या ऑलस्टार स्किल्स स्पर्धेत त्याने १०८.८ मैल वेगाचा शॉट मारला. दुसरीकडे दिवंगत जॉनी गोड्रो, अंगाने लहान, तो ५५ च्या आसपास फ्लेक्स वापरायचा आणि त्याच्यासारखे हात फार थोड्यांचे होते. दोघेही एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग), दोघेही आपापल्या जागी बरोबर. चारा लांबून, ब्लू लाइनवरून स्लॅप शॉट मारणारा, गोड्रो जवळून पटकन सोडणारा. त्यामुळे तुम्ही कुठून आणि कसा शॉट मारता हे आधी बघा. तुम्ही विंगर आहात, बिगिनर आहात, म्हणजे ९०% शॉट रिस्ट किंवा स्नॅप असणार, तेव्हा मऊ बाजूलाच जा पण ६० च्या खाली नको. मी तर ७० च म्हणेन, अंगात जोर येईल तसा तुम्हाला तो लागेलच.

आणि किक पॉइंट. लो किक म्हणजे शाफ्ट खालच्या हाताच्याही खाली वाकतो, शॉट लवकर सुटतो. मिड किक म्हणजे मधून वाकतो, स्लॅप शॉट आणि वन टायमरला (आलेला पास न थांबवता थेट मारलेला शॉट) चांगला. तुम्हाला लो किक. यावर यापेक्षा जास्त डोकं घालवायची आत्ता गरज नाही.

---

बॅकहँड_प्रेमी

कर्व्हबद्दल मी लिहितो, माझा आवडीचा विषय आहे.

कर्व्ह म्हटलं की लोक फक्त ब्लेड किती वळलंय ते बघतात. खरं तर त्यात चार गोष्टी असतात. वळण कुठे सुरू होतं (हीलकडे, मधे का टोकडे), किती खोल आहे, ब्लेडचा चेहरा किती उघडा आहे म्हणजे वर आकाशाकडे किती झुकलाय, आणि खालची कड किती गोलाकार आहे, ज्याला रॉकर म्हणतात. पक उचलायला सगळ्यात जास्त मदत होते ती उघड्या चेहऱ्याची. खोलीची नाही. खूप खोल पण बंद चेहऱ्याचं ब्लेड असेल तर पक नुसता कुशीत बसतो, वर जात नाही.

आता तुम्हाला जे तीन सांगितले गेलेत ते बघू. पी८८ चं वळण मधे, चेहरा फारसा उघडा नाही. पास सरळ, बॅकहँड छान, शॉट खालून आणि अचूक. पी९२ चं वळण मधून टोकडे, चेहरा उघडा. यावर पक सहज उठतो, तरी पास आणि बॅकहँड अगदीच वाया जात नाहीत, म्हणून जगातल्या अर्ध्या खेळाडूंच्या हातात हाच दिसतो. सीसीएम कंपनीचा पी२९ आणि वॉरियर कंपनीचा डब्ल्यू०३ हे जवळजवळ त्याचेच भाऊ, तेव्हा नावावरून गोंधळू नका. पी२८ म्हणजे टो कर्व्ह, पुढचं टोक एकदम वळलेलं आणि उघडं. पक टोवर ओढून घ्यायचा आणि तिथूनच झटक्यात सोडायचा अशी ज्यांची पद्धत आहे त्यांच्यासाठी तो आहे.

"पी२८ घे, पक आपोआप उडेल" हे खरं आहे आणि तीच त्याची अडचण आहे. आपोआप उडतो, म्हणजे नको तेव्हाही उडतो. नवीन माणसाचे शॉट नेटच्या वरून काचेवर जातात. पास बर्फावरून सपाट जायला हवा तो टप्पे खात जातो आणि समोरच्याला घेता येत नाही. आणि बॅकहँड, ज्यावर माझा जीव आहे, तो पी२८ ने जवळजवळ संपतो, कारण बॅकहँडला पक ब्लेडच्या पाठीवर असतो, पाठ बाहेरच्या बाजूला फुगलेली, त्यावर पक टिकतच नाही, टोवरून निसटतो. लेफ्ट शॉट माणसाला आपल्या डावीकडे द्यायचा झटपट पास बॅकहँडनेच द्यावा लागतो. तुम्हाला बॅकहँड रोज लागणार आहे. तो घालवू नका.

रिस्ट शॉट जवळून बघितला तर असा होतो. पक हीलजवळ घ्यायचा, शरीराच्या थोडा मागे. खालचा हात शाफ्टवर दाबायचा, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर आणायचं, या वेळात पक हीलकडून मधे आणि मधून टोकडे ब्लेडवर घरंगळत येतो, त्यानेच त्याला फिरकी मिळते. वरचा हात अंगाकडे ओढायचा, खालचा पुढे ढकलायचा, मनगट वळतं आणि पक सुटतो. सुटताना ब्लेडचं टोक जिकडे दाखवेल तिकडे पक जातो. खाली दाखवलं तर खाली, वर दाखवलं तर वर. तुमचा शॉट खाली राहतोय त्याचं एक कारण कडक स्टिक, पण दुसरं हेही असू शकतं की फॉलो थ्रू गुडघ्याच्या खालीच थांबतोय. पी८८ ने सुद्धा पक वरच्या कोपऱ्यात जातो, हजारो लोक घालतात.

माझं मत, पी९२ घ्या. ज्या दिवशी वाटेल की पास देणारा आणि बॅकहँड मारणारा खेळ आपला आहे त्या दिवशी पी८८ कडे परत या. आणि एकदा घेतला की पूर्ण सीझन तोच ठेवा, दर महिन्याला कर्व्ह बदलला तर हाताला काहीच कळत नाही की पक कुठून सुटतो.

---

रिंकवाली_आई

धागा थोडा वळवतेय त्याबद्दल माफ करा पण विषय तोच आहे. मुलगा दहा वर्षांचा, वजन ३० किलो. त्याला ज्युनियर ५० फ्लेक्सची दिलीय, पाच इंच कापून. वाढत्या अंगाची घेतली की दोन वर्षं तरी पुरेल असा विचार होता. वरचं वाचून धस्स झालं. त्याचाही शॉट उचलला जात नाही आणि तो म्हणतो मला येतच नाही. ही स्टिक त्याला खूपच कडक होतेय का?

---

टेपवाला

ताई, हो, खूपच. ज्युनियर स्टिक ५२-५४ इंचाची असते, त्यातले पाच इंच गेले तर ५० ची साठीच्या पुढे जाते. ३० किलोच्या मुलाला ३० च्या आसपास हवी. म्हणजे दुप्पट कडक स्टिक त्याच्या हातात आहे, त्याला येत नाही हा त्याचा दोष मुळीच नाही हे त्याला आधी सांगा.

वाढत्या अंगाचे कपडे चालतात कारण बाही दुमडता येते, स्टिक दुमडता येत नाही, कापावी लागते आणि कापली की अजून कडक. मुलांसाठी उलटं करा. २५-३० किंवा ३०-३५ फ्लेक्सची यूथ किंवा हलकी ज्युनियर घ्या जी फार कापावी लागणार नाही, उंची वाढली की वरून एक्स्टेंशन घालता येतं, पोकळ शाफ्टमध्ये लाकडाचा किंवा कंपोझिटचा तुकडा बसवतात. लांबी वाढली की फ्लेक्स थोडा मऊच होतो, पण त्याने मुलाचं काही अडत नाही. महागातली नको, या वयात ती दरवर्षी बदलावीच लागते. कर्व्ह मुलांना जितका साधा तितका चांगला, नाहीतर बॅकहँड शिकलाच जात नाही.

---

रिंकवाली_आई

खूप आभार. आज त्याच्या मित्राची ३५ ची हातात देऊन बघितली, पहिल्याच फटक्यात पक बर्फावरून उचलला. चेहरा बघण्यासारखा होता. दुसरी घेतेय.

---

नवखा_स्केटर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

टेपवाला, तुम्ही सांगितलं तसं केलं. पांढरी टेप लावून खेळलो. हीलकडचा साधारण दोन बोटं रुंद भाग काळा पडून टेप फाटायला आलीय, मधे थोडी मळलीय आणि टोकडची जवळजवळ नवीकोरी. आणि स्केट घालून स्टिक टोवर उभी केली तर नाकाला लागते.

एक गोष्ट अजून लक्षात आली, पास घेताना पक टोच्या बाजूला आला की बऱ्याचदा ब्लेडच्या खालून निसटायला बघतो, मी समजत होतो हात सैल पडतात म्हणून. याचा लायशी संबंध आहे का? कमी लायची स्टिक शोधू का?

---

टेपवाला

संबंध आहेच, पण लाय बदलायच्या आधी लांबी.

लाय म्हणजे ब्लेड बर्फावर सपाट टेकलेलं असताना शाफ्ट किती उभा राहतो त्याचा आकडा. साधारण ४ ते ७ असतो, बहुतेक स्टिक ५ किंवा ६ च्या. आकडा मोठा तितका शाफ्ट उभा. तुमचं ब्लेड हीलवर टेकतंय आणि टो हवेत आहे, म्हणजे तुम्ही शाफ्ट त्याच्या लायपेक्षा आडवा धरताय. म्हणूनच पक टोखाली शिरायला बघतो, तिथे फट आहे. हे दोन कारणांनी होतं, एकतर लाय तुम्हाला जास्त आहे नाहीतर स्टिक लांब आहे. वरचा हात तुमच्या कमरेच्या उंचीलाच राहणार, मग दांडा लांब असेल तर ब्लेड पायांपासून दूर जातं आणि शाफ्ट आपोआप आडवा होतो. याच्या उलट टोकडची टेप झिजली असती तर स्टिक आखूड किंवा लाय कमी म्हटलं असतं, किंवा गुडघे न वाकवता ताठ उभे राहताय असं म्हटलं असतं, नवीन लोकांत तेही खूप दिसतं.

तुमच्या बाबतीत नाकाला लागतेय म्हणजे लांबच आहे. ढोबळ माप असं की स्केट घालून हनुवटीपर्यंत, बिनस्केटचं नाकापर्यंत. डिफेन्सवाले थोडी लांब ठेवतात पोकचेकसाठी (स्टिक पुढे टोचून समोरच्याचा पक काढायला), पक हातात खेळवणारे थोडी आखूड. तुम्हाला दोनेक इंच कमी लागेल.

पण ही जुनी स्टिक अजून कापू नका, ती ११० फ्लेक्सची होईल. कापायच्या ऐवजी असं करा. वरच्या टोकापासून दोन इंच खाली टेपचा एक जाड वेढा द्या आणि पुढच्या प्रॅक्टिसला वरचा हात त्या वेढ्याखाली धरून खेळा. वरचे दोन इंच कोपराखाली जरा अडतील, हरकत नाही, प्रॅक्टिसमध्येच करा, मॅचमध्ये नको. ब्लेडला नवीन टेप लावा आणि परत झीज बघा. मधे सरकली तर प्रश्न लांबीचाच होता, लायकडे बघायचीही गरज नाही. तरीही हीलच झिजत असेल तर मग लाय ५ चा पॅटर्न शोधा. एकाच घराण्यातल्या पॅटर्नवर वेगवेगळ्या कंपन्या लाय वेगवेगळा छापतात, त्यामुळे आकडा वाचून झाल्यावर स्टिक हातात घेऊन, स्केटच्या उंचीला उभं राहून, ब्लेड सपाट बसतंय का ते डोळ्यांनी बघा.

---

जुना_गोली

वाचनखूण साठवली, सुंदर धागा झालाय. मी नेटमध्ये उभा राहणारा माणूस, तेव्हा कर्व्हचा विषय माझ्या बाजूने थोडा सांगतो.

हे वाकडं ब्लेड तसं फार जुनं नाही. १९६० च्या सुरुवातीच्या वर्षांत शिकागोच्या स्टॅन मिकिटाची स्टिक प्रॅक्टिसमध्ये तडकून वाकली आणि त्या वाकड्या ब्लेडने मारलेला पक विचित्र आवाज करत आणि हवेत हलत गेला असं सांगतात. मग तो आणि बॉबी हल मुद्दाम ब्लेड वाकवून खेळायला लागले, त्याला बनाना ब्लेड म्हणायचे. त्या काळी बरेच गोली मास्कशिवाय उभे असायचे, पक शेवटच्या क्षणी खाली पडेल का वर येईल कळत नसे, कल्पना करा. शेवटी लीगने मर्यादा घातली आणि १९७० पर्यंत ती अर्ध्या इंचावर आणली. २००६-०७ पासून एनएचएलमध्ये ती पाऊण इंच आहे.

त्या अर्ध्या इंचाने एक स्टॅन्ली कप फिरवला आहे. १९९३ ची फायनल, दुसरी मॅच, लॉस एंजेलिस किंग्स मॉन्ट्रियलमध्ये २-१ ने पुढे, दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ उरलेला. मॉन्ट्रियलचे कोच जाक डेमेर्स यांनी किंग्सच्या मार्टी मॅकसोर्लीची स्टिक मोजायला सांगितली. कर्व्ह जास्त निघाला, पेनल्टी लागली म्हणजे मॅकसोर्ली दोन मिनिटं बाहेर, डेमेर्सनी एक खेळाडू जास्त उतरवायला आपल्या गोलीलाही बाहेर घेतलं, एरिक देजार्दाँने बरोबरीचा गोल केला आणि ओव्हरटाइमला त्यानेच जिंकवून दिलं. त्यानंतर त्या फायनलमध्ये किंग्स एकही मॅच जिंकले नाहीत.

गोलीच्या नजरेतून सांगतो, टो कर्व्हवाला समोर आला की मी खांदे वर ठेवतो कारण शॉट वरच येणार हे ठरलेलं असतं. ज्याच्या ब्लेडवरून पक वरही जाऊ शकतो आणि बर्फालगतही, तोच मला जड जातो. आणि मऊ स्टिकवाल्यांबद्दल एक, शॉटचा वेग त्यांचा फार नसतो पण सुटतो इतका लवकर की मी अजून हलतच असतो. बिगिनर लीगमध्ये गोल वेगाने होत नाहीत, गोली तयार नसताना होतात. त्यामुळे ब्लूलाइनरावांचा मान ठेवून सांगतो, ७० पेक्षा ६० च्या बाजूला राहा.

---

ब्लूलाइन

गोली स्वतः सांगतोय म्हटल्यावर ऐकावं लागेल :) विंगरसाठी मान्य. फक्त हिशोब कापल्यानंतरचा करा. इंटरमीजिएट ५७ इंचाची धरली आणि ५५ वर आणली तर ६५ ची ७२ होते आणि ५५ ची ६१. मधली ६० मिळाली तर ६७ होईल, ती सगळ्यात उत्तम.

आणि दुकानात फ्लेक्स बघताना लोक स्टिक दोन्ही टोकांना धरून जमिनीवर दाबतात, तसं करून काही कळत नाही, तशी कुठलीही वाकते. शॉटला जिथे हात असतात तिथेच ठेवा, ब्लेड जमिनीवर (खाली काहीतरी मऊ घेऊन, नाहीतर दुकानदार ओरडेल), आणि खालच्या हाताने अंगाचा थोडाच भार टाका. सगळी ताकद न लावता दांडा डोळ्याला दिसेल इतका वाकला पाहिजे. पूर्ण लटकावं लागत असेल तर ती तुमची नाही.

---

नवखा_स्केटर

अपडेट देतो. वेढा देऊन दोन इंच खाली धरून खेळलो. टेपची झीज मधे आली, हीलचा तो काळा पट्टा गेला. टोकडून निसटणारे पास बऱ्यापैकी थांबले, आणि पक अंगाजवळ खेळवायला एकदम मोकळं वाटलं. शॉट अर्थातच तसाच, ती स्टिक वाकणार नाहीच. बॅकहँड_प्रेमी यांनी सांगितलं तसा फॉलो थ्रू वर नेऊन बघितला, जोर नाही पण पक पॅडच्या वर जायला लागला, म्हणजे तेही एक कारण होतंच.

तर ठरलं, इंटरमीजिएट ६०, पी९२, लो किक, ५५ इंच. ६० नाही मिळाली तर ५५ घेईन. शेवटचा प्रश्न, कापायची कशी? घरीच जमेल का?

---

टेपवाला

जमतं. आधी न कापता ती स्टिक वेढा देऊन एकदा खेळा, नवीन ब्लेडचा रॉकर वेगळा असतो, माप अर्ध्या इंचाने बदलू शकतं. मग जिथे कापायचं तिथे मास्किंग टेपचा घट्ट वेढा द्या, त्यावर रेघ मारा, म्हणजे कार्बनचे धागे उसवत नाहीत. लोखंड कापायची बारीक दातांची करवत घ्या, लाकडाची नको. एका बाजूने आरपार न जाता चारही बाजूंनी थोडं थोडं कापत आत या. कार्बनची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, बाहेर बसून कापा, कड नंतर ओल्या पॉलिशपेपरने घासा. पहिल्यांदा दीड इंचच कापा, खेळून बघा, मग उरलेला अर्धा. वरचं टोक उघडं ठेवू नका, एंड कॅप बसवा आणि त्यावरून टेपची गाठ बांधा, त्याशिवाय रेफरी बर्फावर येऊ देणार नाही.

आणि कापलेल्या तुकड्यावरचा फ्लेक्सचा आकडा शाफ्टवर मार्करने लिहून ठेवा, ६० मूळ, ५५ इंच, ६७. उद्या ती स्टिक तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलीत तर त्याला कळेल हातात काय आलंय.